एएचयूचा बेल्ट-पुली बदलायचाय? आधी पंखा खरंच थांबलाय का ते बघा

"बेल्ट तुटलाय, अर्ध्या तासाचं काम आहे, येऊन टाकून जा ना." असा फोन आला की मी दोन तास धरूनच घराबाहेर पडतो. बेल्ट चढवायला खरंच दहा मिनिटं लागतात, पण उरलेला सगळा वेळ आपली बोटं शाबूत राहावीत आणि पंधरा दिवसांनी परत तोच फोन येऊ नये यात जातो. खाली लिहिलंय ते ऑफिस, मॉल, हॉस्पिटलच्या मोठ्या एएचयूसाठी (एअर हँडलिंग युनिट, डक्टमधून थंड हवा फिरवणारी पेटी) आहे, म्हणजे ज्यात ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) वेगळा, मोटर वेगळी आणि मधे व्ही-बेल्ट असतो. घरच्या स्प्लिट एसीशी याचा काही संबंध नाही. नवीन युनिटांत मोटरच्या शाफ्टवरच पंखा बसवलेला असतो, तिथे बेल्टची कटकटच नसते, पण आपल्याकडच्या बेसमेंटांत आणि टेरेसवर अजून बेल्टवाले भरपूर आहेत.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नेहमीचं युनिट डोळ्यासमोर धरू. साडेसात एचपीची ४ पोल मोटर, १४४० आरपीएम, मोटरवर १४० मिमीची पुली, ब्लोअरवर २८० मिमीची, दोन बी सेक्शनचे बेल्ट आणि दोन शाफ्टांमधलं अंतर अर्धा मीटर. म्हणजे ब्लोअर फिरणार ७२० आरपीएमने. हे आकडे पुढे लागतील.

बंद म्हणजे खरंच बंद

एएचयू रिमोटने किंवा बीएमएसवरून (बिल्डिंगची सगळी यंत्रं चालवणारी कॉम्प्युटर सिस्टम) बंद करणं म्हणजे बंद करणं नाही. वर कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला तुमचा हात कुठे आहे ते दिसत नसतं आणि शेड्युल लावलेलं असेल तर माणूसही लागत नाही, दुपारी २ वाजले की युनिट आपलं आपण सुरू. त्यामुळे इलेक्ट्रिकल पॅनेलमधला आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) खाली, त्याला स्वतःचं कुलूप, कुलपाची चावी स्वतःच्या खिशात, आणि वर "काम चालू आहे, सुरू करू नका" असा टॅग, त्यावर नाव आणि मोबाईल नंबर. दोघं काम करत असाल तर दोन कुलपं. कुलूप नाही म्हणून फ्यूज काढून खिशात ठेवणारे लोक आहेत, काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण कुलूप दीडदोनशेला मिळतं हो, एक घेऊन बॅगेत टाकाच.

मग मीटर. आधी चालू लाईनवर मीटर लावून तो दाखवतोय ना ते बघा, मग मोटरच्या टर्मिनलवर तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थशी तपासा, आणि परत एकदा चालू लाईनवर जाऊन मीटर जिवंत आहे ना ते बघा. लोकांना हे तिसरं पाऊल वेडेपणा वाटतं, पण मीटरची लीड आतून तुटलेली असेल तर तो सगळीकडे शून्यच दाखवतो आणि शून्य बघून आपण हात घालतो. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर अजून थांबायचं, कारण ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आतल्या डीसी लाईनवर ५८० व्होल्टच्या वर दाब असतो आणि आतले कपॅसिटर सप्लाय गेल्यावरही तो धरून ठेवतात. ड्राइव्हच्या कव्हरवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढी थांबायचीच, डिस्प्ले विझला म्हणजे झालं असं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी कुठल्या ट्रेनिंगमध्ये मला कोणी नीट सांगितली नव्हती. सप्लाय तोडला, कुलूप लावलं, मीटर शून्य, तरी ब्लोअर फिरू शकतो. एका साईटवर दोन एएचयू एकाच डक्टला जोडलेले होते, एक बंद करून आम्ही गार्ड (बेल्टवरची जाळी) काढला आणि बघतो तर पुली सावकाश उलटी फिरतेय, कारण शेजारच्या युनिटची हवा डक्टमधून मागे येऊन आमच्या इम्पेलरला (ब्लोअरमधलं पात्यांचं चाक) ढकलत होती. हळू फिरतंय म्हणून माझ्या हेल्परने ते हाताने थांबवायला बघितलं. बेल्ट आणि पुलीच्या मधे बोट जायला वेग लागत नाही, जड इम्पेलरचं वजनच पुरतं. त्याचं नशीब की ग्लोव्ह सैल होता, ग्लोव्ह गेला आणि हात सुटून आला. तेव्हापासून डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) बंद करायचा आणि इम्पेलरच्या पात्यांमधे लाकडाचा ठोकळा अडकवायचा किंवा शाफ्ट पट्ट्याने बांधून टाकायचा हे आमचं ठरलेलं आहे. ठोकळ्याला लाल चिंधी बांधा, नाहीतर काम झाल्यावर तोच आत राहतो आणि सुरू केल्यावर जो आवाज येतो तो ऐकवत नाही.

दरवाज्याचंही तसंच. पंखा पूर्ण थांबायच्या आत एएचयूचा पॅनेल उघडू नका. सक्शनच्या बाजूचा दरवाजा आत ओढला जातो आणि बोटावर आपटतो, डिस्चार्जच्या बाजूचा हँडल सोडवताच बाहेर तोंडावर येतो.

आणि अंगावरचं सगळं उतरवा. अंगठी, कडं, मनगटाला बांधलेला गंडा-दोरा, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे गळ्यातलं व्हिजिटर पास. सिक्युरिटीवाला ते घातल्याशिवाय आत सोडत नाही आणि आपण तसंच वाकून पुलीवर काम करतो. खिशात टाका ते. ग्लोव्ह पत्र्याच्या कडा आणि पुली उचलताना घाला, पण फिरणाऱ्या गोष्टीजवळ ग्लोव्ह नको, बेल्ट हाताने फिरवून बघतानाही नको.

जुना बेल्ट लगेच फेकू नका

नवीन बेल्ट टाकायची घाई असते म्हणून जुना बेल्ट डब्यात जातो, पण दोन मिनिटं तो हातात घेऊन बघितला तर पुढचं अर्धं काम समजतं. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत आणि जळका वास, म्हणजे बेल्ट ढिला होता आणि घसरत होता. एकच बाजू खाल्लेली, म्हणजे पुल्या एका लाईनीत नाहीत. खालच्या बाजूला आडव्या भेगा, म्हणजे उष्णतेने किंवा वयाने कडक झालाय. खाली गार्डमधे काळी पावडर साचली असेल तर कुठेतरी घासतोय. आणि बेल्ट खाचेत उलटा झालेला सापडला तर कोणीतरी तो स्क्रूड्रायव्हरने जबरदस्तीने चढवला होता असं मी बिनधास्त धरतो, कारण तसं केलं की आतले दोरे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही पण बेल्टचा एक भाग लांबतो आणि तो खाचेत वळतो.

मग पुलीच्या खाचा बघा, बोट फिरवून. खाचेच्या भिंती सरळ हव्यात, आत वाटीसारखी खोलगट झीज झाली असेल तर पुलीच बदला, पाऊण-एक मिलिमीटर खोलगटपणा म्हणजे पुरे झालं. खाचेचा तळ चकचकीत दिसतोय? मग बेल्ट तळाला टेकत होता. व्ही-बेल्ट भिंतींना धरून चालतो, तळाला टेकला की पकड गेली, मग कितीही ताणा. अशा पुलीवर नवीन बेल्ट टाकणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं, आणि कस्टमर म्हणणार तुमचा बेल्टच डुप्लिकेट होता.

बेल्टवर नंबर असतो, आपल्या उदाहरणात बी ६४, म्हणजे बी सेक्शन, वरची रुंदी १७ मिमी, आणि आतून लांबी ६४ इंच. दोन बेल्टांपैकी एकच तुटला असला तरी दोन्ही बदलायचे, एकाच मेकचे, एकाच लॉटमधले. जुना लांबलेला असतो, नवीन एकटाच सगळा लोड घेतो आणि तोही जातो. यावर कस्टमरशी वाद होतो, होऊ द्या, पण लिहून घ्या.

पुलीचा साईज मात्र मनाने बदलू नका. दुकानात १४० मिळाली नाही म्हणून १६० ची मोटर पुली बसवलेली मी बघितलीय, "हवा जास्तच येईल की" म्हणून. ब्लोअर ७२० वरून ८२३ वर गेला, वेग फक्त चौदा टक्के वाढला पण पंख्याची ताकदीची भूक वेगाच्या घनाने वाढते, १.१४३ चा घन केला तर जवळजवळ दीडपट. मोटर ओव्हरलोडवर ट्रिप व्हायला लागली तर इलेक्ट्रिशियनने ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वर करून दिलं, आणि मग वाइंडिंगच गेलं. एका इंचाच्या आतला फरक होता पुलीत.

पुली आणि बुश

बेल्ट काढताना आधी मोटर ज्यावर सरकते त्या रेलचे बोल्ट सैल करा आणि मोटर ब्लोअरकडे सरकवा, बेल्ट हाताने निघाला पाहिजे. निघत नसेल तर मोटर अजून सरकवा, पान्याने किंवा टॉमीने उचकटू नका. चढवतानाही तेच.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टेपर लॉक बुश असतो, म्हणजे पुलीला शाफ्टवर आवळून धरणारी बाहेरून तिरपी कडी. त्यावर १६१०, २०१२ असं लिहिलेलं असतं, पहिले दोन आकडे म्हणजे जास्तीत जास्त बोअर (शाफ्टसाठीचं भोक) इंचात, २० म्हणजे साधारण दोन इंचांपर्यंत. काढायची पद्धत सोपी आहे पण हातोडीप्रेमी लोकांना माहीत नसते. दोन्ही एलन स्क्रू पूर्ण काढा, तोंडावर बघा तिथे एक अर्धं भोक असं असतं की ज्याचे आटे बुशमधे आहेत, त्यात एक स्क्रू घालून घट्ट करत जा, बुश टक् करून स्वतःच सुटतो. पुली त्या क्षणी सैल होते, म्हणून तिच्याखाली हात किंवा लाकूड हवं, पायावर पडलेली बीडाची पुली फार लागते.

बसवताना उलटं, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, तिरपे पृष्ठभाग कोरडे हवेत. शाफ्ट, बुशचा आतला-बाहेरचा भाग, पुलीचं भोक सगळं चिंधीने पुसून कोरडं करायचं, तिथे तेल, ग्रीस काही नको. तेल फक्त स्क्रूच्या आट्यांना थोडं. तेल लावलेला बुश प्रमाणाबाहेर आत ओढला जातो आणि पुली तडकते. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करा, मधे लाकडाचा ठोकळा ठेवून बुशच्या तोंडावर हलके ठोके द्या, परत घट्ट करा, परत ठोके, असं स्क्रू फिरायचे थांबेपर्यंत. टॉर्क रेंच असेल तर १६१० ला २० न्यूटन मीटर, २०१२ ला ३१. एलन कीला पाईप लावून ओढणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे, तो इथे नको. शेवटी रिकामी भोकं ग्रीसने भरून टाका म्हणजे त्यात कचरा बसत नाही आणि पुढच्या वेळी बुश काढणाऱ्याचे शिव्याशाप लागत नाहीत.

शाफ्टची चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून मधे बसवलेली लोखंडी पट्टी) खाचेत बाजूंनी घट्ट आणि वरून किंचित मोकळी हवी. वरून टेकत असेल तर बुश नीट धरत नाही आणि पुली लंगडी फिरते. चावी हरवली म्हणून बोल्ट घासून चावी केलेली पण मी काढलीय, त्याबद्दल न बोललेलं बरं. पुली शाफ्टच्या टोकाला लोंबकळत ठेवू नका, बेअरिंगच्या जितकी जवळ बसेल तितकी चांगली, बेअरिंगवर ताण कमी येतो.

पुल्या निघालेल्याच आहेत तर ब्लोअर शाफ्ट हाताने फिरवून बघा. बेअरिंग खरखरतंय, वर-खाली हलतंय, तर आत्ताच बदला, कारण त्यासाठी पुढच्या महिन्यात हे सगळं परत उघडावं लागेल. ज्याला सगळे "प्लंबर ब्लॉक" म्हणतात (नळवाल्याशी काही संबंध नसताना, ती बेअरिंगची बैठक असते) त्यातलं बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवायचं असेल तर ठोका आतल्या रिंगवर, पाईपचा तुकडा ठेवून. बाहेरच्या रिंगवर मारलं की नव्या बेअरिंगच्या गोळ्यांचे खड्डे आतच पडतात. ग्रबस्क्रू (बेअरिंग शाफ्टवर धरणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) घट्ट करायचे, आणि ग्रीस भरताना आधी कुठलं ग्रीस होतं ते विचारायचं, दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की कधीकधी पातळ होऊन गळून जातात.

लाईन आणि ताण

लाईन बघायला लेझर मिळतो, नसेल तर सुतळी चालते, खरंच चालते. मोठ्या पुलीच्या बाहेरच्या तोंडावरून छोट्या पुलीच्या तोंडापर्यंत सुतळी ताणून धरा, ती दोन्ही पुल्यांना दोन दोन ठिकाणी, म्हणजे एकूण चार जागी, टेकली पाहिजे. तीनच जागी टेकली तर मोटर तिरकी आहे, दोनच जागी तर मोटर किंवा पुली पुढे-मागे सरकवायची. दोन्ही पुल्यांच्या कडा एकसारख्या जाड आहेत ना ते आधी मोजा, नाहीतर सुतळी बरोबर आणि खाचा चुकीच्या असं होतं. व्ही-बेल्टला अर्ध्या अंशापर्यंत चालतं असं धरतात, म्हणजे अर्ध्या मीटरला चारेक मिलिमीटर, पण मी दोनच्या वर सोडत नाही. बुश घट्ट करताना पुली थोडी सरकते, म्हणून घट्ट केल्यावर परत सुतळी.

आता ताण. अंगठ्याने दाबून "हां, बरोबर" म्हणणारे उस्ताद असतात, त्यांच्यातल्या काहींचा अंगठा खरंच बरोबर असतो. बाकीच्यांनी मोजावं. दोन पुल्यांमधल्या मोकळ्या बेल्टच्या दर मीटरला १६ मिमी दबला पाहिजे, आपल्या अर्ध्या मीटरला ८ मिमी. तेवढा दाबायला किती जोर लागला ते साध्या स्प्रिंगच्या काट्याने बघा. बी सेक्शनला १२५ ते २०० मिमीच्या छोट्या पुलीवर साधारण २० ते ३० न्यूटन, म्हणजे दोन-तीन किलो, बाकी सेक्शनचे आकडे बेल्ट कंपनीच्या तक्त्यात मिळतात. नवीन बेल्ट वरच्या आकड्याकडे ठेवा, तो बसला की ढिला होणारच आहे. दोन-तीन वेळा हाताने पुली फिरवून मग मोजा, नुसता चढवून मोजलेला आकडा खोटा असतो.

ढिला बेल्ट ओरडतो म्हणून सगळ्यांना कळतो, जास्त ताणलेला गप्प असतो आणि बेअरिंग खातो, मोटरचं पुढचं बेअरिंग आधी. आणि ओरडणाऱ्या बेल्टवर साबण, राळ, स्प्रे काही चोळू नका, दोन दिवस शांत राहील, मग धूळ चिकटून आधीपेक्षा वाईट.

मोटर सरकवताना दोन्ही रेलचे ॲडजस्टिंग स्क्रू सारखे फिरवा, एकच फिरवला की जी लाईन अर्धा तास घालवून केली ती गेली. शेवटचे बोल्ट घट्ट केल्यावर अजून एकदा सुतळी. हो, तिसऱ्यांदा.

चालू करताना

ठोकळा काढला? पाने मोजले? ब्लोअर हाताने दोन फेरे फिरवून इम्पेलर हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या कोनला घासत नाही ना ते ऐका. मग गार्ड लावा, सगळ्या बोल्टांसकट, आणि मगच कुलूप काढा. "नुसतं फिरतंय का बघू, मग गार्ड लावू" हे वाक्य साईटवर रोज ऐकू येतं. जाळीतून सगळं दिसतं. फॅक्टरीज ॲक्ट १९४८ च्या कलम २१ मधे फिरत्या भागांना कुंपण सांगितलं होतं, मॉल फॅक्टरी नसेल पण बोट तेच आहे ना.

आधी एक सेकंद सुरू करून बंद, आणि दिशा बघा. इथे एक मोठा घोळ आहे. सेंट्रीफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा डक्टमधेच जाते, फक्त कमी जाते. त्यामुळे "हवा येतेय" म्हणून सगळे निघून जातात आणि महिनाभर कूलिंग नाही, कूलिंग नाही म्हणून गॅस, कॉइल, व्हॉल्व्ह सगळं तपासलं जातं. हाऊसिंगवर बाण असतो, त्याच्याशी जुळवा, आणि मोटरची वायर काढली असेल तर हमखास जुळवा. उलटं असेल तर परत सप्लाय तोडून, कुलूप लावून, कुठल्याही दोन फेज बदला.

मग पूर्ण सुरू करून क्लॅम्प मीटर तिन्ही फेजवर, मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरच्या आत हवं. ब्लोअरचे सगळे पॅनेल बंद करून मोजा, कारण दरवाजा उघडा असला की हवेला अडथळा कमी होतो आणि आपला हा फॉरवर्ड कर्व्ह (पाती फिरण्याच्या दिशेला वळलेली) ब्लोअर जास्त करंट ओढतो, उगाच घाबरायला होतं. अर्धा तास चालवा, बंद करा, परत कुलूप, परत ताण बघा. ही अर्ध्या तासाची तपासणी फार लोक टाळतात कारण खाली गाडी लावलेली असते आणि पार्किंगवाला शिट्टी मारत असतो.

एक-दोन दिवसांनी परत येऊन ताण बघायचा, हे बिलातच धरा, नाहीतर ते होत नाही. येणं शक्य नसेल तर तिथल्या टेक्निशियन दादाला समोर बसवून काट्याने कसं मोजायचं ते शिकवा, कुलूप लावण्यापासून. आणि निघण्याआधी पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून टाका, बी ६४, नग २, पुली १४०/२८०, बुश नंबर, तारीख, अँपिअर किती आले. पुढच्या वेळी रात्री दहाला फोन येतो तेव्हा "कुठला बेल्ट आहे, फोटो पाठवा" यातच जे पाऊण तास जातात ते वाचतात.